पाहा : जायकवाडी, पैठण, नाथसागर



गेल्या वर्षी ऐन श्रावणात बी.ए.ला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. आता पदवीच्या मुलांनाही क्षेत्रीय प्रकल्प, संशोधन प्रकल्प करावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिचा विषय तिनं स्वतः निवडला होता : आजीचं माहेर. ते गाव नाथसागराच्या पाण्याखाली आहे. चेहरा पाडून ती म्हणाली, "मॅडम, नेटवर काहीच नाही."

मी विचारलं, "काय टाकलंस?"

"जायकवाडी धरण माहिती मराठी."

मग काय मिळालं असेल ते सांगायला नको. धरणाची लांबी साधारण दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस, १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. ज्ञानेश्वर उद्यान, पक्षी अभयारण्य. सगळं बरोबर, आणि तिच्या आजीच्या गावाबद्दल एक ओळ नाही. तिनं "माहिती" मागितली होती आणि तिला माहिती मिळाली होती. जे हवं होतं त्याचं नाव तिनं घेतलंच नव्हतं.

ग्रंथालयात माझी तीस वर्षं गेली. "काहीच नाही" हे वाक्य मी तिथं रोज ऐकलं, आधी कार्डांच्या कपाटासमोर, नंतर संगणकासमोर. म्हणून ग्रंथालयातल्या आमच्या गुरुजींच्या स्मरणार्थ बोलायला बोलावलं तेव्हा मी हाच विषय घेतला : शोधायचं तर कोणत्या शब्दांनी, आणि ते शब्द एकमेकांना जोडायचे कसे. मुलं त्यांना कीवर्ड म्हणतात, संशोधनपत्रिका बीजशब्द म्हणतात. मी आज शोधशब्द म्हणेन. विषय लहान वाटेल, पण मी तो मोठा मानते. माझं म्हणणं एकच आहे. शोधशब्द आपला नसतो. ज्यानं ते लिहून ठेवलं, त्याचा असतो. आपल्याला त्याच्या खुर्चीत, त्याच्या काळात, त्याच्या कचेरीत जाऊन बसावं लागतं आणि विचारावं लागतं, की या गोष्टीला हा माणूस काय म्हणाला असेल?

हे पैठणकरांना वेगळं समजावून सांगावं लागू नये. आपलं गाव कितीतरी नावांनी जगलेलं आहे. संस्कृतात प्रतिष्ठान, प्राकृतात पइट्ठाण. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत पैठाना, टॉलेमीच्या भूगोलात बैठाना. सातवाहनांवर काम करणारा मुलगा फक्त "पैठण" टाकून बसला, तर त्याच्या हाती तीर्थक्षेत्र लागेल आणि राजधानी निसटेल. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या ग्रंथाचंही तेच. कुणी त्याला गाथासप्तशती म्हणतं, कुणी गाहासत्तसई, कुणी नुसतं सत्तसई. तिन्ही माहीत असतील तर तीन दारं उघडतात.

पेरिप्लसचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण मला त्याची फार कळकळ आहे. पैठणीवर प्रकल्प करणारी मुलं दरवर्षी येतात. "पैठणी" टाकलं की दुकानं येतात, किमती येतात, लग्नसराईच्या सवलती येतात. "पैठणीचा इतिहास" टाकलं की दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचं वस्त्र परदेशी जात होतं, हे एकच वाक्य वीस ठिकाणी भेटतं. मग मी विचारते, हे सांगितलं कुणी? त्याचं नाव शोधा. शोधत गेलं की पेरिप्लस सापडतो, त्याचं इंग्रजी भाषांतरही मिळतं, आणि त्यातला आपल्याबद्दलचा मजकूर जेमतेम चार ओळींचा निघतो. त्यात लिहिलंय की पैठणहून भडोचला जाई तो ऑनिक्स जातीचा दगड, पुष्कळ प्रमाणात. आणि कापड? ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. यावरून पैठणला कापड विणत नसत असं ठरत नाही, पण पेरिप्लसचा दाखला देताना काय म्हणता येतं नि काय येत नाही, हे त्या मुलांना कळतं. एका योग्य शोधशब्दानं त्यांना वीस उताऱ्यांच्या मागे उभ्या असलेल्या मूळ कागदापाशी नेलं. आणि पैठणीची कला शोधायची तर कारागिराच्या तोंडचे शब्द लावा : असावली, बांगडी मोर, जर, हातमाग, विणकर. दुकानदार आणि विणकर एकाच वस्त्राबद्दल बोलतात, पण वेगळ्या शब्दांत.

आता त्या मुलीच्या गावाकडे परत येऊ.

मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, या धरणाला किती नावं आहेत ती लिही. तिनं दोन लिहिली, जायकवाडी आणि नाथसागर. मी तिसरं लिहायला लावलं, पैठण धरण. मग विचारलं, "जायकवाडी कुठं आहे?" ती गोंधळली. इथल्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गाव. निजामाच्या हैदराबाद राज्यात धरणाचा पहिला विचार झाला तो त्या गावापाशी. पुढे जागा बदलली, सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला आली, पण प्रकल्पाचं नाव तेच राहिलं. म्हणजे एका नावात एक सोडून दिलेली जागा आहे आणि एक गेलेलं राज्य आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. धरणाच्या अगदी पहिल्या कागदांवर "महाराष्ट्र" हा शब्द असण्याचं कारणच नाही. तिथं "हैदराबाद" लावून शोधायचं.

संस्थानी काळाचे कागद बरेचसे उर्दूत आणि साल फसली. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. "१९४५" शोधणाऱ्याला "१३५५ फसली" दिसत नाही. जमिनीचे कागद मागताना आज सगळे सातबारा म्हणतात, पण मराठवाड्यात जुन्या दप्तराला खासरा आणि पहाणी पत्रक विचारावं लागतं. २०२३ साली सगळ्या मराठवाड्यानं पाहिलं, की मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी तहसिलांच्या अभिलेख कक्षांत "कुणबी" हा एक शब्द जुन्या कागदांतून शोधला जात होता, आणि त्यासाठी उर्दू नि मोडी वाचणारी माणसं लागत होती. एका शब्दावर लोकांचं किती अवलंबून असतं, हे तेव्हा घरोघरी कळलं.

मग दुसरा रकाना. मी विचारलं, "आजी काय म्हणते?"

"गाव पाण्यात गेलं, असं म्हणते."

हा आजीचा शब्द. तो जपून ठेव म्हटलं, पण सरकारी कागदात तो सापडणार नाही. तिथं "बुडीत क्षेत्र" असेल. आंदोलनाच्या पत्रकात "धरणग्रस्त" असेल, वृत्तपत्रात "विस्थापित", शासन निर्णयात "प्रकल्पग्रस्त". कायद्यांच्या इंग्रजी नावांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. महाराष्ट्रानं या विषयाचा पहिला कायदा केला १९७६ साली. त्याच्या इंग्रजी नावात शब्द आहेत "रिसेटलमेंट" आणि "डिस्प्लेस्ड पर्सन्स". १९८६ साली नवा कायदा आला, पुढे १९९९ साली आणखी एक. त्यांच्या नावात "अफेक्टेड पर्सन्स" आणि "रिहॅबिलिटेशन". दहा वर्षांत माणसाचं नाव बदललं : उठवलेला माणूस झाला बाधित माणूस, आणि वसवणं झालं पुनर्वसन. जो नवाच शब्द टाकतो त्याला जुना काळ दिसत नाही, आणि जो जुनाच टाकतो त्याला आजचा.

तारखा शेजारी ठेवून पाहा. धरणाची पायाभरणी १९६५, उद्घाटन १९७६, आणि पुनर्वसनाचा पहिला कायदाही १९७६. म्हणजे आजीचं गाव उठलं तेव्हा "पुनर्वसन कायदा" हाताशी नव्हता. त्या मुलीनं "जायकवाडी पुनर्वसन कायदा" शोधून तिला फार काही मिळालं नसतं. तेव्हा जमीन गेली ती १८९४च्या भूसंपादन कायद्यानं. त्याचे शब्द कोणते? "भूसंपादन", "मोबदला", राजपत्रातली "अधिसूचना", आणि भूसंपादन अधिकाऱ्याचा "निवाडा". निवाडा हा शब्द मिळाला आणि मुलीचा चेहरा उजळला. तिच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत एक कागद होता आणि त्याला आजोबा निवाडाच म्हणायचे. घरातल्यांना वाटायचं, भावकीतल्या भांडणाचा असेल.

शब्द निवडताना कायद्याची तारीख का पाहायची, ते यावरून कळावं.

आता जोडणीकडे. कागदावर तीन रकाने झाले होते. पहिल्यात धरणाची नावं. दुसऱ्यात माणसांची : धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, विस्थापित, बुडीत. तिसऱ्यात जागांची : पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा. शेवटची दोन तिनं लिहिली नव्हती. नाथसागर जिल्ह्याची हद्द मानत नाही. त्याचं पाणी जुन्या अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, शेवगाव नि नेवासा तालुक्यांत पसरलं आहे, म्हणून अर्धी हकीकत त्या जिल्ह्याच्या दप्तरात आहे. आणि जिल्ह्यांची नावंही बदलली आहेत. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३चं, अहिल्यानगर २०२४चं. १९७०चा कागद हवा असेल तर "औरंगाबाद" आणि "अहमदनगर" टाकावंच लागेल. हा अभिमानाचा किंवा नापसंतीचा प्रश्न नाही, कागदावर जे छापलं आहे ते छापलं आहे.

तीन रकाने, प्रत्येकात चार शब्द धरले तर चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट जोड्या होतात. चौसष्ट वेळा कोण शोधणार? इथं जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचं ऋण मानायचं. त्यानं १८५४ सालच्या आपल्या ग्रंथात विचाराचे नियम बीजगणितात मांडले. त्यातले तीन साधे सांधे आपल्याला पुरतात : आणि, किंवा, नाही. एका रकान्यातले शब्द "किंवा"नं जोडायचे, कारण ते एकाच गोष्टीची नावं आहेत. रकाना आणि रकाना "आणि"नं जोडायचा, कारण दोन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत. आणि नको ते "नाही"नं काढायचं. म्हणजे एकदाच लिहायचं : जायकवाडी किंवा नाथसागर किंवा पैठण धरण, आणि, धरणग्रस्त किंवा प्रकल्पग्रस्त किंवा विस्थापित किंवा बुडीत, आणि, शेवगाव किंवा नेवासा किंवा गंगापूर किंवा पैठण. रकाना कंसात ठेवायचा, म्हणजे सांधे एकमेकांत मिसळत नाहीत.

गुगलमध्ये दोन शब्दांमधली मोकळी जागाच "आणि" समजली जाते. "किंवा"साठी ओआर ही अक्षरं इंग्रजी मोठ्या वळणात लिहायची. "नाही"साठी उणे चिन्ह शब्दाला चिकटवून, मध्ये जागा न सोडता. शब्दसमूह जसाच्या तसा हवा तर अवतरणचिन्हात. "पैठण धरण" अवतरणात घातलं नाही, तर पैठण एका पानाच्या वर आणि धरण तळाशी असलेलं पानही येतं.

नाथसागरातले मासेमार हे जास्त चांगलं सांगतील. "किंवा" म्हणजे जाळं लांब पसरणं. "आणि" म्हणजे जाळ्याची घरं ठरवणं, कोणता मासा अडकावा नि कोणता निसटू द्यावा. शिकाऊ मुलं बहुधा "आणि"च्या आहारी जातात. सात शब्द एकापुढे एक टाकतात, शून्य उत्तरं येतात, आणि मग "काहीच नाही". मी सांगते, दोन शब्दांनी सुरुवात करा. दहा हजार आले तर तिसरा घाला. दहाच आले तर त्यातलाच एक शब्द सोडा, किंवा त्याचा भाऊबंद जोडा. आणि सापडलेलं पहिलं चांगलं पान वाचताना पेन्सिल हातात ठेवा. त्यातला अनोळखी शब्द हा पुढचा शोधशब्द असतो. पाण्याच्या वाटपाचा अभ्यास करणारा एक मुलगा "पाणी भांडण नाशिक मराठवाडा" अशा शब्दांनी महिनाभर बातम्याच वाचत होता. त्यातल्या एका बातमीत त्याला "समन्यायी पाणीवाटप" हा शब्द भेटला. तो शब्द टाकताच २००५ सालचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, समित्यांचे अहवाल, न्यायालयाचे निकाल असं सगळं एका ओळीत उभं राहिलं. भांडण बातमीचा शब्द होता, समन्यायी कायद्याचा.

रकाने पाडायची ही रीत माझी नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनी असं मांडलं, की कोणत्याही विषयाला पाच अंगं असू शकतात : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. आजीच्या गावाला ती लावून पाहा. व्यक्तित्व म्हणजे ती कुटुंबं. द्रव्य म्हणजे जमीन, घरं. ऊर्जा म्हणजे घडलेली क्रिया : संपादन, स्थलांतर, वसाहत. स्थल नि काल आपण पाहिलेच. ज्या अंगाला तुमच्याकडे एकही शब्द नाही, ते अंग तुमच्या प्रकल्पात सुटलेलं आहे. त्या मुलीच्या कागदावर काळाचा रकाना रिकामा होता. गाव नेमकं कोणत्या वर्षी उठलं, हे तिनं विचारलंच नव्हतं.

मराठीत शोधणाऱ्यांच्या काही अडचणी आपल्याच आहेत. आपल्या शब्दाला प्रत्यय लागला की तो अंग बदलतो. पाणी, पाण्याचा, पाण्यात. शाळा, शाळेत. यंत्राला हे प्रत्येक वेळी उमजतंच असं नाही, म्हणून दोन रूपं टाकून पाहावीत. जुन्या पुस्तकांत "गांव", "नांव" असे अनुस्वार असतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले, पण छापलेल्या पानांवर ते आहेत. वर्ष कधी देवनागरी अंकांत असतं, कधी इंग्रजी. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारात काही मराठी प्रबंधांची शीर्षकं रोमन लिपीत भरलेली आढळतात, तिथं "मराठवाड्यातील" हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाहावा लागतो, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुन्या फाँटांत टंकलेले नि नुसते स्कॅन केलेले असंख्य मराठी कागद डोळ्यांना वाचता येतात, यंत्राला नाही. म्हणून शून्य उत्तर आलं म्हणजे कागद नाही, असं कधी समजू नका. उठून तहसिलात जा, जिल्हा ग्रंथालयात जा, विद्यापीठात जा. आपलं विद्यापीठ १९५८ पासून उभं आहे.

हल्ली मुलं यंत्राला अख्खा प्रश्नच विचारतात आणि त्याचं एकसंध उत्तर घेऊन येतात. मी अडवत नाही. पण त्या उत्तरातलं प्रत्येक नाव, प्रत्येक साल खरं आहे का हे तपासायला पुन्हा शब्दच लागतात, आणि तुमच्यापाशी शब्द नसतील तर ते उत्तर तुम्हाला बिनतक्रार मान्य करावं लागतं.

लिहिणाऱ्याचा मूळ शब्द शोधण्याचं काम याच गावात एका माणसानं किती निष्ठेनं केलं होतं! शके १२१२मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पुढे हातोहात नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी प्रती मिळवून तिची शुद्ध प्रत तयार केली. मधल्या काळात मराठी बदललेली होती. नाथांना आपल्या काळचा सोपा शब्द घालता आला असता, पण त्यांनी विचारलं, की मूळ शब्द कोणता असेल? नाथांच्या वाड्याजवळून जाताना मला ग्रंथालयातली मुलं आठवतात.

आणि गुरुजी आठवतात. गुरुजींची कात्रणांची पाकिटं तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिली आहेत? खाकी पाकिटांवर निळ्या शाईत मथळे. "धरण" या पाकिटावर लिहिलेलं असे : पाहा जायकवाडी. "जायकवाडी"वर : पाहा नाथसागर, पुनर्वसन, कालवे. एका कात्रणासाठी ते चार चिठ्ठ्या लिहीत. मी तेव्हा नवी होते. विचारलं, "गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? आपल्याला ठाऊक आहे ना कुठं काय आहे ते." ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. येणारा कोणता शब्द घेऊन येईल, ते मला ठाऊक नाही."

त्या मुलीचा प्रकल्प फाल्गुनात पूर्ण झाला. नाथषष्ठीच्या गर्दीतून वाट काढत ती दाखवायला आली. निवाड्याच्या कागदावरून साल मिळालं होतं, राजपत्रातली अधिसूचना मिळाली होती, शेवगावच्या बाजूला उठून गेलेल्या दोन घरांशी ती बोलून आली होती. शेवटच्या पानावर बीजशब्द लिहायचे होते, तिथं ती अडली होती. गाव उठलं तेव्हा एक नाव होतं, नव्या वसाहतीला दुसरं पडलं, आणि आजी तर गावाला तिसऱ्याच नावानं हाक मारते, जे कुठल्याच कागदावर नाही. यांतलं कोणतं लिहू, म्हणून तिनं विचारलं.

मी तिला गुरुजींचं एक जुनं पाकीट काढून दाखवलं. तिनं पेन घेतलं आणि तिन्ही नावं लिहिली. प्रत्येकापुढे "पाहा" लिहून बाकीची दोन. आजीचं नाव तिनं सगळ्यात वर घातलं.